फ्लेक्समधून कापून नेलेला चेहरा

अंबरनाथचा तो फाटका फ्लेक्स आम्ही पोलीस ठाण्याच्या आवारात, फरशीवर तुकड्याला तुकडा जुळवून पसरला होता. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेले नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले; पण कोणी एखादी केस सांगा म्हटले की मला आधी हा फ्लेक्सच आठवतो.

परवा थोरल्या नातीने फोनवर विचारले, "आजी, माणसाची कमाई, त्याचं घर आणि त्याचा पक्ष यांचा काय संबंध असतो? मला कॉलेजात निबंध लिहायचाय." मी म्हटले, फोनवर सांगण्यासारखे नाही, लिहून पाठवते. धाकट्या नातवानेही वाचावे. नावे कोणाचीच घालत नाही, पक्षांची तर मुळीच नाही. घडले तेवढे सांगते.

मी तेव्हा त्या ठाण्याची प्रमुख होते. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. सकाळची हजेरी घेऊन मी खुर्चीत बसते न बसते तोच फाटकाबाहेर घोषणा सुरू झाल्या. एका पक्षाचे स्थानिक नेते पाच-पन्नास माणसे घेऊन आले होते. मोरिवलीच्या बाजूला, कारखान्यांच्या मागे एक चाळ आहे. तिच्या तोंडाशी आदल्या संध्याकाळी नेत्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. वर नेत्यांचा मोठा फोटो आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून लहान लहान चेहऱ्यांच्या दोन रांगा. पहाटे कोणीतरी तो चिरफाळून टाकला होता.

"मॅडम, हा फ्लेक्स फाडलेला नाही, माझी इज्जत फाडलीय!" नेते म्हणाले.

"बसा. इज्जतीचा पंचनामा करता येत नाही, फ्लेक्सचा करते," मी म्हटले. ठाणे अंमलदाराने हसू दाबण्यासाठी मान खाली घातली.

त्यांना आरोपीही ठाऊक होता. त्याच चाळीतला एक तरुण. चाळ ज्या जमीनमालकाची, तो दुसऱ्या पक्षाचा. आणि हा तरुण त्या पक्षाचा चाळीतला कार्यकर्ता. आदल्या संध्याकाळी फ्लेक्स लावताना त्याची यांच्या पोरांशी बाचाबाची झाली होती. शिवाय आमच्या खबऱ्याचाही फोन येऊन गेला होता: पहाटे तो फ्लेक्सखाली उभा दिसला.

नुसते नुकसान म्हणून नोंद घ्यायची तर प्रकरण अदखलपात्र. नेत्यांना ते नको होते. दोन गटांत तेढ निर्माण केल्याचे मोठे कलम लावा, आजच्या आज अटक करा, नाहीतर बाजार बंद करू, असा त्यांचा आग्रह होता. मी त्या तरुणाला चौकशीसाठी बोलावून घेतले.

आता यात अडचण काय होती ते ऐका. त्या तरुणाला बरीच वर्षे कंत्राटावर राबल्यानंतर एका कारखान्यात कायमची नोकरी मिळत होती. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडलेला होता. नोकरी कायम झाली की बँक कर्ज देणार होती, आणि त्या कर्जावर बदलापूरला हेंद्रेपाड्यात एक खोली-स्वयंपाकघराचे घर ठरले होते. त्या दिवशी त्याच्या नावावर तसा गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेली असती आणि घरही. हे त्यालाही पक्के माहीत होते.

चौकशीत आवाज चढवणाऱ्यांतली मी नव्हते. त्याला चहा दिला.

"फ्लेक्सखाली होतास?"

"होतो मॅडम. कंपनीची बस तिथेच थांबते. रोज तिथेच असतो."

"फाडला कोणी?"

"माहीत नाय."

"तू तिथे, फ्लेक्स तिथे आणि तुला माहीत नाही?"

"माझं लक्ष मोबाईलमध्ये होतं."

"तुझा कागद माझ्या टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठाऊक आहे मॅडम. पण मी काय पाहिलं नाय."

खात्यातल्या इतक्या वर्षांत एक गोष्ट मी शिकले. खोटे बोलणारा माणूस भरमसाट तपशील देतो. दुसऱ्याला पाठीशी घालणारा काहीच देत नाही. याने कोणाला तरी पाहिले होते आणि तो त्या माणसासाठी आपले घर पणाला लावत होता. पुढाऱ्यासाठी कोणी एवढे करत नाही. म्हणजे पाहिलेले माणूस चाळीतले, शेजारचे असणार.

मी हवालदारांना सांगितले, फ्लेक्सचा बारीकसा तुकडासुद्धा सोडू नका, सगळे गोळा करून आणा. दुपारी आवारात आम्ही ते जुळवायला बसलो. लाकडी ओंडक्यासारखे आडदांड दोन हवालदार गुडघ्यांवर बसून चेहऱ्याला चेहरा लावत होते. एक म्हणाला, "मॅडम, नेत्यांचा कान सापडला!"

सगळे जुळले, फक्त एक जागा रिकामी राहिली. खालच्या रांगेत, कडेपासून दुसरी. बाकीचा फ्लेक्स वेडावाकडा चिरला होता. पण या जागेची कड मात्र गोल आणि साफ कापलेली होती. ज्याने हे केले त्याला एकच चेहरा हवा होता. आधी तो कापला, मग नुसते भोक राहिले तर कोणाचा ते लगेच कळेल म्हणून बाकीचे फाडून टाकले. हुशारी होती, पण अर्धी. आणखी दोन चेहरे नेले असते तर मी आजही शोधत बसले असते.

कापलेल्या कडेला निळसर बोटे उमटली होती. शाई नव्हती ती. उल्हासनगरला जीन्स शिवल्या जातात. त्यांचे धागे कापायचे काम आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायका घरी आणून करतात. त्या कापडाचा रंग बोटांना लागतो आणि धुतला तरी लवकर जात नाही. मी त्या तरुणाचे हात पाहिले. ग्रीस होते, निळे काही नव्हते.

आता चेहरा कोणाचा, एवढेच राहिले. फ्लेक्स उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे छापला होता. मी स्वतः गेले.

"या या, मॅडमजी! चाय? लस्सी?" तो उठून उभा राहिला. काय हवे ते सांगितल्यावर त्याने संगणकावर फ्लेक्स उघडला. रिकाम्या जागेवर एक मध्यमवयीन, मिशीवाला माणूस गालात हसत होता.

"हा कोण?"

"ते मला काय माहीत साईं! माझ्याकडे चेहऱ्यांचा स्टॉक आहे. पार्टीवाले येतात, बोलतात, शेठ, चाळीतल्या माणसांची रांग भरा. मी भरतो."

"त्या माणसांना विचारून?"

तो मनापासून हसला. "मॅडमजी, कोण विचारतो? फोटो तेच असतात. पार्टी बदलली की पाठीमागचा रंग बदलायचा, बस्स."

"आणि हा फोटो तुमच्या स्टॉकमध्ये आला कुठून?"

त्याने जुनी फाईल उघडली. गेल्या गणपतीतला फ्लेक्स होता, त्या जमीनमालकाचा. तेव्हा मालकाने आपल्या भाडेकरूंचे फोटो स्वतः गोळा करून दिले होते. हाच माणूस, हेच हसू.

बाकी शोधायला वेळ लागला नाही. एका महिला शिपायाला साध्या कपड्यांत घेऊन मी चाळीत गेले. प्रत्येक दारावर एकच झेंडा होता, मालकाच्या पक्षाचा. त्या तरुणाच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीत एक बाई जीन्सच्या ढिगाऱ्यात बसली होती. हातात छोटी कात्री, बोटे निळी. मला पाहताच तिने कात्री खाली ठेवली.

"त्याला सोडा मॅडम. पोराचा काय दोष न्हाई. मीच केलं."

"तो तुझं नाव सांगत नाही."

"त्यानं मला बघितलं. म्हनला, काकी, घरी जा गुमान. दुपारपासनं मी दोनदा ठाण्याच्या फाटकापातूर येऊन मागं फिरले. दारात ती गर्दी. मला वाटलं, ह्यांच्या हाती लागले तर संपलंच."

मग तिने सगळे सांगितले. कागदावर करार कुणाचाच नाही. मालक म्हणेल तोवर खोली आपली. नवरा रसायनाच्या कारखान्यात कंत्राटावर आणि तेव्हा गावी गेलेला. आदल्या संध्याकाळी फ्लेक्स लागला आणि तासाभरात मालक तिच्या दारात उभा: "तुझा नवरा तिकडे हसतोय काय? मग ऱ्हायला पण तिकडंच जा. खोली खाली कर." तिने परोपरीने सांगितले की आम्हाला यातले काही ठाऊक नाही. मालकाला ते पटले नाही.

"म्हनून म्हटलं, त्यांचा चेहराच काढून घ्यावा," ती म्हणाली. "चेहरा न्हाई तर भांडण न्हाई."

"आणि तो चेहरा कुठाय?"

तिने गव्हाच्या डब्यातून फ्लेक्सचा गोल तुकडा काढला. नीट घडी घातलेला. "नवऱ्याचं तोंड फाडायला हात धजला न्हाई. आणि येवढा मोठा फोटो त्यांचा कधी काढलाच न्हवता."

संध्याकाळी मी नेते आणि मालक दोघांनाही ठाण्यात बोलावले, समोरासमोर बसवले.

नेत्यांना म्हटले, "तुमची फिर्याद घेते. फक्त आधी फ्लेक्सची नगरपालिकेची परवानगी दाखवा. आणि रांगेतल्या प्रत्येक माणसाने फोटोला होकार दिला होता, तेही लिहून द्या. ज्यांनी दिला नसेल त्यांचे जबाब मी घेईन."

नेत्यांनी आपल्या माणसांकडे पाहिले. माणसांनी पंख्याकडे पाहिले.

मालक खूश होऊन मिशीवर हात फिरवत होता. त्याच्यापुढे मी गणपतीच्या फ्लेक्सची प्रत ठेवली. "हा फोटो बाजारात कोणी आणला, ओळखा."

"हा तर माझा फ्लेक्स हाय."

"तुमचाच. तुम्ही दिलेला चेहरा छापणाऱ्याने यांच्या फ्लेक्सवर लावला. आता त्याबद्दल खोली कोणी खाली करायची, तुम्ही की तुमच्या भाडेकरूने?"

"काय मॅडम, मी रागाच्या भरात बोल्लो..."

"रागाच्या भरात एखाद्या बाईचे सामान बाहेर काढलेत तर पुढचा पंचनामा तुमच्या दारात करीन. समजले?"

"समजलं."

नेत्यांनी तक्रार करायची नसल्याचे लिहून दिले. मी स्टेशन डायरीत घडले तसे नोंदवले आणि त्या बाईला माझ्यासमोर बसवून कडक समजही दिली. कायदा कात्रीने हाती घ्यायचा नसतो, हे तिलाही कळायला हवे होते. मग त्या तरुणाच्या पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' लिहून सही केली. तो तुकडा तिला परत दिला.

जाताना मी सहज विचारले, "मत कोणाला देतेस मग?"

ती पदर सावरत म्हणाली, "मॅडम, भिंत त्यांची, झेंडा त्यांचा. बटन माझं."

पुढे त्या तरुणाच्या हेंद्रेपाड्यातल्या वास्तुशांतीला मला बोलावणे आले. त्याच्या दारावर झेंडा नव्हता, तोरण होते. मला वाटले, झाले, हा सुटला. पण जिना उतरताना पाहिले, तर सोसायटीच्या अंगणात नवे पेव्हर ब्लॉक बसवलेले आणि ते कोणाच्या कृपेने बसले त्याचा भलामोठा फलक भिंतीवर. त्याला विचारले तर हसून म्हणाला, "मॅडम, इथे मालक नाय, पण सेक्रेटरी आहे. मीटिंगमध्ये बोलतात, पाण्याची लाईन हवी तर सगळे एका बाजूला राहा." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आपण मान हलवायची."

ती बाईही जेवायला आली होती. अजून त्याच चाळीत होती. मी विचारले, "दारावर झेंडा आहे ना अजून?"

"हाय की. पण रंग बदललाय. मालकांनी पक्ष बदलला." आम्ही दोघी इतक्या हसलो की वाढपी थांबून बघू लागला.

"आणि तो फोटो?"

"तो आत लावलाय. काच लावून. दाराबाहेर न्हाई लावला."

तर पोरी, तुझ्या निबंधासाठी माझ्याकडे हे आहे. कमाई वाढते, घर आपले होते, तशी माणसाची मान थोडी ताठ होते हे खरे. पण पाणी, छप्पर, जिना यासाठी कोणाची तरी गरज राहतेच, आणि जिथे गरज असते तिथे झेंडा लागतो. त्याला निष्ठा म्हणण्याची घाई करू नकोस. ठाण्यात येणारे पुढारी ती चूक रोज करत आणि मग निकालाच्या दिवशी चक्रावून जात.

तू सुट्टीत येशील तेव्हा तुला त्या चाळीत घेऊन जाईन. निबंधासाठी प्रश्नावली केली असशील तर ती पिशवीतच ठेव. दाराशी उभी राहून झेंड्याचा रंग लिहून घेऊ नकोस. ते आत बोलावतील, तोवर थांब. चहा देतील तो घे, आणि मग भिंतीवर कोणाचा चेहरा लावलाय ते बघ.