हजिऱ्याच्या समुद्रात एका घोळीच्या मागे

लग्न झाल्यापासून मी ‘समुद्र दाखवा’ म्हणून यांच्या मागे होते. शेवटी तो दिसला एका माशाच्या कृपेनं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सुरतेत नवागामला यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक संशोधक साहेब तिथं खरखरणारं यंत्र घेऊन आले. घोळ माशाच्या पोटात टिकटिक करणारी नळी सोडून मादी अंडी घालायला कुठं जाते, ते त्यांना ऐकायचं होतं. यांनी यंत्र दुरुस्त केलं आणि आपल्याशिवाय बोट हलणारच नाही, हे साहेबांना पटवलं. मी डबा भरून न विचारता सोबत निघाले.

इच्छापोरपर्यंत एसटी, पुढं हजिऱ्यापर्यंत बैलगाडी. आज तुम्ही कारखान्यांमधून गुळगुळीत जाल. तेव्हा त्याला रस्ता म्हणणं ही निव्वळ सरकारवरची श्रद्धा होती. डबा मात्र आजही न्याच.

समुद्र चहाच्या रंगाचा निघाला.

“निळा कुठाय हो?”

“अगं, निळा पुढं असतो.”

पुढं गेल्यावर हे बोटीच्या कडेवर ओणवे होऊन माशांना जेवण वाढू लागले. साहेबांनी एका जिवंत घोळीच्या घशातून नळी आत सरकवली आणि तिला सोडलं. तसली एकच नळी परदेशातून मिळाली होती. त्यांना नकाशावर खुणा करायच्या होत्या, हे आडवे. म्हणून कानाला लावून ऐकायचं यंत्र माझ्याकडे आलं. मी “डावीकडे” म्हटलं की पुरुषांनी भरलेली बोट डावीकडे वळायची! घरी भाजीत मीठ किती घालायचं तेही सासूबाई ठरवायच्या.

मग आवाज एकाच जागी थांबला.

“झोपली असेल,” हे मान वर न करता म्हणाले.

बोट जवळ नेली, तर ती छगनकाका नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात होती. साहेबांनी विज्ञानाचं महत्त्व सांगितलं. यांनी रेडिओ फुकट दुरुस्त करून देऊ केला. काकांकडे रेडिओच नव्हता.

“दरियाए आपेली माछली पाछी मूकुं?” ते म्हणाले. दर्यानं दिलेला मासा परत सोडायचा, हे त्यांना पटेना.

मी यंत्र त्यांच्या कानाला लावलं. ते ऐकत राहिले. साहेबांचे डोळे भरून आले.

“बेन,” काका म्हणाले, “घडियाळ गळी गयेली माछली बजारमां कोण लेशे?”

घड्याळ गिळलेला मासा बाजारात घेणार कोण, म्हणत त्यांनी जाळं सोडवून तिला पाण्यात सोडलं. विज्ञान जिंकलं.

संध्याकाळी टिकटिक बारीक होत खोल पाण्याकडे गेली आणि विरली. साहेब बराच वेळ “आता?” विचारत राहिले. मी नाही म्हणून मान हलवत राहिले.

घरी आल्यावर ‘आपण’ घोळीचा माग कसा काढला, ते यांनी सगळ्या चाळीला सांगितलं. मी सांगू दिलं. साहेबांचं मात्र वाईट वाटलं. ती कुठं गेली ते त्यांना कधीच कळलं नाही. पण खरं सांगू? मनातून मला बरंही वाटलं. कुठं चालले ते कुणालाही न सांगता निघून गेलेली एक तरी बाई मी ओळखत होते.