ऑर्लाची खोटी कंबर

"आज तुला काय झालंय?" कॉफीच्या मशीनपाशी व्हर्जिलने विचारलं.

"कंबर. तुला?"

"हार्ट अटॅक. या आठवड्यातला तिसरा. गेलो की कळवीन."

ऑर्ला ट्रिबेटला हसायलाही हल्ली दम लागायचा. अमेरिकेत मिझुरी राज्याच्या उत्तरेकडच्या या गावातला बुटांचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून ती व्हर्जिलसारखीच ऑस्टिओपथीच्या, म्हणजे हाडं-मणके हाताने चाचपून उपचार करणाऱ्या डॉक्टरीच्या कॉलेजात, पोरांच्या परीक्षेसाठी खोटा पेशंट होत होती. लिहून दिलेलं दुखणं पाठ करायचं, पाठीमागून उघडा गाऊन घालायचा, विचारलं तेवढंच सांगायचं. आरशाआड परीक्षक बसलेले, त्यामुळे सोंग मोडायचं नाही. किती पोरांची गार बोटं तिच्या मणक्यांवरून फिरली आणि डॉक्टर होऊन निघून गेली!

आजची कंबर बर्फ उपसताना धरलेली होती.

परीक्षेच्या खोलीत एमेट लिंडक्विस्ट आत आला आणि तिला वाईटच वाटलं. मागच्या वेळी या पोराने दोन प्रश्नांत निदान ठरवून टाकलं होतं, पुढचं ऐकलंच नव्हतं. आज नापास झाला तर वर्ष गेलं.

त्याने सावकाश सगळं विचारलं. मग मागे उभा राहून कंबरेपासून वर बोटं सरकवत गेला आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली थांबला.

"इथे दुखतं, मॅडम?"

तिथे खरंच दुखत होतं. बरेच दिवस. वयाचं म्हणून तिने सोडून दिलं होतं.

"नाही," ती पाठ केल्याप्रमाणे म्हणाली.

"इथलं मांस कडक लागतंय. कंबरेशी याचा मेळ बसत नाही." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "तेलकट खाल्लं की त्रास होतो?"

हा प्रश्न कागदावर नव्हताच. पोटातलं दुखणं पाठीत ठरावीक जागी उमटतं, हे इथे पहिल्याच वर्षी शिकवतात. पण आजच्या केसमध्ये पोट नव्हतं. परीक्षक म्हणणार, पोरगं भरकटलं. पुन्हा नाही म्हणावं, तर त्याचं वर्ष तिच्याच तोंडाने जाणार.

"होतो," ऑर्ला म्हणाली. "बाळा, हे सोंगातलं नाही. हे माझं आहे."

दार उघडून आरशाआडच्या परीक्षक डॉक्टर हॅस्किन्सबाई आत आल्या. "केस मोडली. तुझी चूक नाही, एमेट. उद्या दुसऱ्या पेशंटवर पुन्हा घेऊ."

"पुन्हा?" तो स्टुलावर बसला तो बसलाच. रात्रभर झोपला नसावा.

"आणि ऑर्ला, किती दिवस अंगावर काढलंस हे?"

"रोजच कुणी ना कुणी तपासतंय की मला!"

बाईंनी स्वतः तीच जागा दाबून पाहिली. ऑर्ला कळवळली. "काय वाटतं, एमेट? आता मार्क नाहीत."

त्याने डोळे चोळले. "पित्ताशय वाटतंय. पण..." तो ऑर्लाकडे वळला. "जिना चढताना दम लागतो?"

"लागतो. आताशा जास्तच."

"मग मी पित्ताशयावर थांबणार नाही. आधी हृदय बघायला हवं."

"ईसीजी काढू. पलीकडच्या दवाखान्यात, आत्ताच," बाई म्हणाल्या.

ऑर्ला टेबलावरून हळूच उतरली. एमेटने हात पुढे केला, तो तिने धरला.

"कपडे बदलून येऊ?" तिने बाईंना विचारलं.

"कशाला? तिथेही हाच गाऊन लागणार आहे."