काचेतलं पाणी

कमलनगर स्टेशनाबाहेरच्या चौथऱ्यावर जुनं कोळशाचं इंजिन आणून उभं केलं, तेव्हा पितळ घासायला आणि नळ मोकळे करायला हावगेप्पाला बोलावणं आलं. त्या इंजिनांवर राबलेला आणि अजून हातपाय धड असलेला गावात तो एकटाच. वय सहासष्ट. निरोप आला त्याच दिवशी तो गेला, आणि म्हाताऱ्याला केवढा हा उत्साह म्हणून सगळ्यांना कौतुक वाटलं. वाटू द्या. हावगेप्पाचं लक्ष इंजिनावर नव्हतंच, साहेबाच्या टेबलावरच्या छापील पत्रिकेवर होतं. ‘शेवटचे ज्येष्ठ ड्रायव्हर जगदेवप्पा यांचा सत्कार.’ ते नाव त्यानं दोनदा वाचलं आणि मुकाट्यानं चिंध्या मागून घेतल्या.

जगदेवप्पा, म्हणजे सगळ्या फायरमनांचा मिस्त्री. ड्रायव्हरला तेव्हा मिस्त्रीच म्हणत. उंचापुरा, मिशा पिळलेला, तोंडाळ. शहाऐंशी साली हावगेप्पा त्याच्या हाताखाली आगवाला होता, अठ्ठावीस वर्षांचा, पुढच्या वर्षी ड्रायव्हरकीच्या परीक्षेला बसणार होता. इंजिनाच्या बॉयलरात पाणी किती आहे ते एका उभ्या काचेच्या नळीत दिसतं. वर एक नळ, खाली एक नळ, दोन्ही बॉयलरला जोडलेले. पण आमच्या भागातलं पाणी खारवट. खालच्या नळात खपली धरली की काचेतलं पाणी तिथंच अडकून बसतं. आत बॉयलर कोरडा पडायला आलेला असतो आणि काच अर्धी भरलेली दिसते. म्हणून शेडमधून निघायच्या आधी मिस्त्रीनं स्वतः ते पाणी खालून सोडून द्यायचं, पुन्हा चढतंय का बघायचं आणि वहीत लिहायचं, ‘काच तपासली.’ दोन मिनिटांचं काम.

त्या दिवशी जगदेवप्पानं ते केलं नाही. वहीत मात्र लिहिलं.

भालकी सोडल्यावर हावगेप्पाच्या ध्यानात आलं. धावत्या इंजिनात काचेतलं पाणी सारखं वरखाली नाचतं. हे ढिम्म होतं.

“मिस्त्री, पाणी हलंना झालंय बगा.”

“काच काय खोटं बोलती का? तू आग बघ तुझी.”

कमलनगर दोन मैलांवर असताना भट्टीच्या छतातला शिशाचा प्लग वितळला. पाणी कमी पडलं की तो वितळावा म्हणूनच असतो. वाफ फुफाटत भट्टीत उतरली, आग विझली, आणि उघड्या दारातून जो झोत आला त्यानं हावगेप्पाचा डावा हात कोपरापर्यंत भाजून काढला. गाडी तुरीच्या रानात उभी. लोक बोचकी डोक्यावर घेऊन, शिव्या घालत स्टेशनाकडं चालू लागले. आणि हावगेप्पा हात धरून कळवळत असताना त्याच्या डोळ्यांदेखत मिस्त्रीनं एक तार घेतली, खालच्या नळात घालून फिरवली, खपली बाहेर काढली आणि बुटानं कोळशात मिसळून टाकली.

साहेब आले तेव्हा नळ स्वच्छ. वहीत सही. म्हणजे काच बरोबर होती, पाण्याकडं आगवाल्यानंच बघितलं नाही. मग खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार? हावगेप्पानं तारेचं सांगितलं तर साहेब हसले. त्याला आगवाल्याचा खलाशी केला, शेडमध्ये राख उपसायला, आणि परीक्षा जन्माची बंद. हुकमाचा कागद घरी आला त्या सकाळी तो दवाखान्यात होता. बायको सोजराबाई, तिला वाचता येत नाही, ती कागद घेऊन वसाहतीच्या नळावर गेली. मिस्त्रीच्या बायकोनं तो कागद तिच्या हातातून घेतला आणि वीस बायांच्या समोर मोठ्यानं वाचला. ‘पाण्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे.’ तिथून पुढं सोजराबाई नळावर आली की कुणीतरी विचारायचंच, “अक्का, घागरीत पाणी हाय का बघून आणलाव न्हवं?” चार वर्षं ती दुपारच्या उन्हात, नळावर कुणी नसताना पाणी भरत होती.

एवढं सगळं हावगेप्पा विसरला असेल असं जगदेवप्पाला वाटलं, यातच त्याचा स्वभाव आला.

इंजिन घासायला आठ दिवस लागले. सातव्या दिवशी हावगेप्पानं खालच्या नळात चिंधीचा बोळा दाबून बसवला. वरचं झाकण काढून काच अर्धी भरली. मागं बॉयलर ठणठणीत कोरडा. नळी फडक्यानं इतकी लख्ख पुसली, की पाणी लांबून चमकावं. मग घरी जाऊन सोजराबाईला म्हणाला, “उद्या तुला यायचं हाय. पुढच्या खुर्चीवर बसायचं.”

“मला कामून? त्या लोकात मी न्हाई येत.”

“ये म्हणलो न्हवं.”

ती आली. नवं इरकल नेसून, पण मान खाली.

जगदेवप्पा आता त्र्याऐंशीचा. मिशा पांढऱ्या, पीळ तसाच. नात दीपमालानं हाताला धरून त्याला चौथऱ्यावर, इंजिनाच्या उघड्या केबिनपाशी चढवलं. हार पडला, शाल पडली, माइक हातात आला आणि तो सुटला. रात्ररात्र गाडी कशी हाकली, चढाला इंजिन कसं रेटून नेलं. आगवाल्यांचा उल्लेख एकदा, तोही ‘पोरं होती हाताखाली’ म्हणून. हावगेप्पा कोपऱ्यात चिंधी घेऊन उभा होता. मनात तो एकच घोकत होता. या माणसानं नुसता एकदा खालच्या नळाला हात लावला तर सोडून देईन. अडतीस वर्षांत एवढं तरी शिकला असेल तर बोळा मी गुपचूप काढीन आणि घरी जाईन.

शाळेच्या मुली खाली उभ्या होत्या. एकीनं विचारलं, “आत पाणी किती आहे हे कसं कळतं?”

जगदेवप्पानं काचेकडं बोट केलं. “ही बगा. अर्धी काच, म्हंजे बॉयलर अर्धा भरलेला. येवढं सोपं असतंय.”

हावगेप्पा पुढं झाला. “मिस्त्री, तपासून सांगालाव न्हवं?”

“त्याला काय तपासायचं? काच खोटं बोलती का?”

तेच शब्द. हावगेप्पाच्या डाव्या हाताची कातडी आवळून आली. त्यानं वाकून काचेखालची निचऱ्याची तोटी उघडली. ओंजळभर पाणी चौथऱ्यावर पडलं आणि थांबलं. काच रिकामी झाली ती रिकामीच राहिली. त्यानं बॉयलरवर पान्हा हाणला, आतून पोकळ आवाज आला. मुली हसल्या. जगदेवप्पा हसला नाही.

हावगेप्पानं खिशातून हातभर तार काढली आणि त्याच्यासमोर धरली.

“घ्या, मिस्त्री. मागच्या बारीला तुम्हीच घातलाव की. साहेब यायच्या आत.”

माइक जगदेवप्पाच्या हातातच होता, सगळ्या चौथऱ्याला ऐकू गेलं. दीपमालानं त्याच्याकडं पाहिलं. “कसली तार, आज्जा?”

म्हातारा तार बघत राहिला. हावगेप्पानं सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि हात नातीसमोर धरला. तिनं ती आकसलेली, पांढरी कातडी पाहिली, मग आजोबाकडं वळून पुन्हा विचारलं, “आज्जा, कसली तार?”

“नळ तुंबला होता,” जगदेवप्पा म्हणाला. “मी बघितलोच न्हाई. तार... मीच घातलो. ह्याचं काय चुकलं न्हवतं.” आणि त्यानं हात जोडले.

हावगेप्पाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. पण पोट भरलं नव्हतं.

“हात जोडू नका. लिवा. तवा वहीत लिवलाव न्हवं, आताबी लिवा.”

पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही टेबलावर होती. ती त्यानं स्वतः आणली, पान उघडलं, पेन दिलं. साहेब ‘जाऊ द्या हो’ म्हणाले, त्यांच्याकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही. जगदेवप्पानं लिहिलं, ‘काच मी तपासली नव्हती,’ आणि खाली सही केली. वही मिटायला त्यानं हात उचलला.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून सोजराबाई उठली. पदर खोचून चौथऱ्यापाशी आली. आता मान खाली नव्हती.

“काय लिवलाव ते वाचा, मिस्त्री,” ती म्हणाली. “मला वाचाया येत न्हाई.”

जगदेवप्पानं नातीकडं पाहिलं. नात जमिनीकडं बघत होती. त्यानं चष्मा पुसला, वही डोळ्यांजवळ नेली आणि वाचलं.

“मोठ्यानं,” सोजराबाई म्हणाली.