दादाचा गुडघा आणि गावाचा कौल

आमच्या गावची सगळी इज्जत कबड्डीत गुंतलेली होती. सावर्ड्याच्या बाजाराला गेलेला माणूस आधी वरच्या गावाला आपण कसं लोळवलं ते सांगणार, मग वांग्याचा भाव विचारणार. आणि ही इज्जत उभी होती पाच-सात पोरांच्या तंगड्यांवर. त्यातलाच एक माझा दादा. तेव्हा तो दहावीत होता आणि मी आठवीत.

आधी तो हौसेनं खेळायचा. कापणी झालेल्या शेतात पोरं रेषा आखायची आणि आईनं जेवायला हाका मारून मारून घसा बसवला तरी हलायची नाहीत. पुढे शिमग्याला आलेल्या कुणा चाकरमान्यानं सांगितलं, की मुंबईत एक कंपनी चांगल्या खेळाडूला थेट नोकरीला लावते. त्या दिवसापासून बाबांनी दादाला अभ्यासाचं विचारणंच सोडलं. त्याच्या वाट्याचं दूध वाढलं, माझ्या वाट्याचं कमी झालं. मला राग यायचा, पण गावातल्या बायका ‘त्याची बहीण’ म्हणून ओळखायच्या तेव्हा मी फुशारायचेही.

त्या वर्षी स्पर्धा आली परीक्षेच्या तोंडावर. उपांत्य सामन्यात दादाचा गुडघा मुरगळला आणि रात्रीतून भोपळ्याएवढा सुजला. चिपळूणचा डॉक्टर म्हणाला, तीन महिने पाय टेकवायचा नाही. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता आणि कंपनीचा माणूस तो बघायला येणार होता. बाबा घरी येऊन म्हणाले, “देवाला इचारू. डॉक्टर काय देवापेक्षा मोठा हाय?”

आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, देवाचा कौल घेतल्याशिवाय काही होत नाही. गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावचं कबड्डी मंडळ देवळात जमलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, उद्या गावाला यश मिळणार असेल तर उजवी दे. सगळे “व्हय म्हाराजा” म्हणाले.

पोराला खेळवू की नको, त्याचा पाय राहील की जाईल, हे देवाला कुणी विचारलंच नाही. प्रश्न चुकला हे खांबाआड उभ्या असलेल्या मला तेव्हाच कळलं होतं. बोलले नाही. उलट उजवी पडावी म्हणून मीही हात जोडले. याची लाज मला आजही वाटते. गावातली मोठी माणसं मूर्ख होती असं म्हणून मला सुटता येत नाही.

उजवी पडली. कौल खराही ठरला, आम्ही जिंकलो. शेवटच्या चढाईत दादाच्या त्याच पायाला समोरचे गडी लोंबकळले आणि तो त्यांना ओढत रेषेवर येऊन पडला. लोक नाचत होते. तो उठत का नाही हे बघायला कुणाला वेळ नव्हता, मलाही नाही. कंपनीचा माणूस पाय बघून गेला, तो पुन्हा आला नाही. परीक्षेच्या दिवसांत दादा रत्नागिरीला प्लॅस्टरमध्ये पडून होता. नंतर तो परीक्षेला बसलाच नाही. गुडघा आखडला तो कायमचा. लावणीच्या चिखलात त्याला उभं राहता येईना, आणि आमच्याकडे शेतीशिवाय दुसरं काय होतं?

सहा-सात वर्षांनी गुहागरकडचे लोक त्याला बघायला आले. दादा भिंतीशी पाय लांब करून बसला होता, कारण त्याला दुसऱ्या तऱ्हेनं बसताच येत नव्हतं. मुलीच्या काकांनी हळूच विचारलं, मुलगा करतो काय? आई खाली बघू लागली. बाबांनी खाकरून त्या अंतिम सामन्याची गोष्ट सुरू केली. किती गुणांनी मागे होतो, ऊन कसं होतं, चढाईला कोण गेलं. पाहुणे बशीतला चहा फुंकत ऐकत राहिले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

“तीन गडी अंगावर घेऊन आला माझा पोर,” बाबा म्हणाले.

दादानं मान वर केली. किती वर्षांनी त्याच्या तोंडावर तसा उजेड दिसला.

“तीन नाय बाबा,” तो म्हणाला, “चार.”