नानांचा अर्ज आणि माझं पत्रक

धुळ्याच्या देवपुरात आमच्या गल्लीत राहणारे नाना एके काळी सायकलच्या शर्यती मारायचे. हौसेनं नव्हे, पोटासाठी. शहरातल्याच एका सायकलवाल्या शेठनं त्यांना पगारावर ठेवलं होतं. शर्यतीला छातीवर आणि पाठीवर दुकानाचं नाव, खांद्यावरून आडवी टाकलेली जादा ट्यूब, खिशात गूळ-शेंगदाणे. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत थेट जळगाव. पहिले आले की हार शेठच्या गळ्यात. फुगवून सांगत नाही, फोटो आहे. शेठ हार घालून मधोमध, नाना कडेला सायकल धरून.

एका शर्यतीत एरंडोलजवळ कापसाची बैलगाडी आडवी आली आणि नानांचा खुबा मोडला. शेठचा माणूस दवाखान्यात आला, तो सायकल कुठे आहे हे विचारायला.

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. नाना सिनेमाच्या सायकल स्टँडवर बसत. मी बावीस वर्षांचा, चळवळीत, अन्याय दिसला की पत्रक काढणारा. त्या वर्षी शहरातल्या एका क्रीडा समितीला पोरांना सायकल शर्यत शिकवायला माणूस हवा होता. नानांनी अर्ज केला. त्या रस्त्याचा प्रत्येक चढ पायांना पाठ असलेला दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. तरी जागा वशिल्यानं जाणार, अशी माझी खात्री. मी पत्रक लिहिलं. ‘बारा वर्षे पगारावर पळवला, पाय मोडताच फेकला! आता तरी न्याय द्या!’ नानांना न विचारता छापलं आणि मुलाखतीच्या सकाळी समितीच्या दारात उभं राहून वाटलं. आत जाणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या हातात मी स्वतः दिलं.

अर्ध्या तासात नाना लंगडत बाहेर आले. पायरीवरच बसले.

“काय झालं, नाना?”

“समितीना वकीलसाहेबानी तुना कागद वाची दखाडा. म्हणे, पगार लिधा ना? मंग तुम्ही हौशी नाहीत, धंदेवाईक शेतस. अर्जमा तर कधी पैसा लिधा नहीं असं लिखेल शे.”

समितीचा नियम होता. पैसे घेऊन खेळलेला माणूस चालत नाही. ज्याच्या घरात दोन वेळचं असेल त्यानंच खेळावं, असा त्याचा सरळ अर्थ. नियम हरामखोर होता, आजही मी तेच म्हणेन. पण नानांना तो माहीत होता, म्हणून ते खोटं बोलले होते. मी मात्र अर्जाचा नमुनासुद्धा पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. नाना शांतपणे म्हणाले, “तू लिखेल बठ्ठं खरं शे. पन लिखाना पहिले माले इचारं का? आते एक कर. समितीले लिखी दे, ‘मी खोटं छापं.’”

मी म्हणालो, “नाना, आपण या नियमाविरुद्धच लढू. मोर्चा काढू.”

आतून त्यांची बायको बाहेर आली. “काढ ना, भाऊ, मोर्चा. आनि आमी काय खावानं, ते बी त्यामा छापी दे!”

चार ओळींचं काम होतं. शेठला खोटं ठरवायचं असतं तर मी आनंदानं लिहिलं असतं. स्वतःला खोटं ठरवायचं माझ्यानं झालं नाही. चळवळीची अब्रू, शेठ मोकळा सुटेल, लोक काय म्हणतील, असं बरंच बोललो. नाना ऐकत होते, मांडी चोळत. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे नहीं लिखत?”

“नाही, नाना.”

जागा आठवड्याभरात एका हौशी माणसाला मिळाली. त्याच्याकडे मोटारगाडी होती.