अर्ध्या चेहऱ्याची बाई

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. श्यामसुंदर विमा कचेरीतून निवृत्त झाले आणि रघुवीर कीर्तिकर नावाच्या, कधीच वारलेल्या फोटोग्राफरच्या मागे लागले. नव्वद वर्षांपूर्वी लोक नटूनथटून खुर्चीत बसून फोटो काढून घ्यायचे, तेव्हा हा गृहस्थ शिड्यांच्या सावल्या टिपत हिंडायचा. त्याने स्वतःच्या हाताने छापलेले मूळ फोटोच ह्यांना हवेत. मुलुंडच्या दोन खोल्यांत एक अख्खं कपाट त्या मेल्याला दिलंय. माझे शालू पलंगाखाली.

एकच फोटो मिळत नव्हता. गिरणीच्या दारातली बाई, अर्धा चेहरा उन्हात, अर्धा काळोखात. तो घाटकोपरला नलिनीताई परबांच्या भिंतीवर सापडला. ती बाई त्यांची आजी. काचेवर गंध, वर हार आणि कडेने चढत चाललेली ओल. ती ओल बघून ह्यांची झोप उडाली. दर रविवारी घाटकोपर. जेवता जेवता उठायचे, "शुभा, पावसाळा काढणार नाही गं तो!" मला तर त्या बाईचा रागच यायला लागला.

शेवटी ह्यांनी शक्कल लढवली. कॉम्प्युटरवर काळोख पुसून, दुसरा डोळा भरून, मोठा रंगीत फोटो करवून नेला. नलिनीताईंचा मुलगा सिद्धेश खूश.

"झकास! पणजी पहिल्यांदा पूर्ण दिसली ना. जुना तुम्हीच घ्या काका."

नलिनीताई जुन्या फोटोवरचा हार उतरवत होत्या. फोटो आमच्या कपाटात गेला. उजेड लागला की तो खराब होतो म्हणे, म्हणून मलाही धड बघू दिला नाही.

सर्वपित्री अमावास्येला बेल वाजली. दारात नलिनीताई. हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट, त्यात पितरांच्या नैवेद्याचे वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर.

"आजीची वाडी," त्या म्हणाल्या. "दरवर्षी तिच्या फोटोसमोर ठेवतंय."

"पण नवा फोटो आहे ना तुमच्याकडे?" हे गडबडले.

"ती बाई माका ओळखणा नाय. आजी हय आसा. खंय ठेवू पान?"

मी कपाटाची किल्ली ह्यांच्या हातात दिली. फोटो भिंतीला टेकवला, पुढे पान मांडलं. खिडकीतलं ऊन सरळ फोटोवर आलं, तसे हे पडदा ओढायला धावले.

"रवांदे," नलिनीताई म्हणाल्या. "ती जेवता."

पडद्याची कड धरून हे उभेच राहिले. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच वेळाने नलिनीताईंनी पान उचललं, तेव्हा हे फोटो काखेत धरून चपला शोधत म्हणाले, "मी रिक्षा बघतो. दोघींना घरी सोडतो."