पॉलाने पाहिलेला सिनेमा

व्हेरा हुडाकची लेक पॉला बारा वर्षांची असताना एका शनिवारी लिरिक थिएटरात दुपारचा खेळ पाहायला गेली, ती परत आलीच नाही. आत जाताना तिला दारावरच्या माणसाने पाहिलं होतं. बाहेर पडताना कुणीच नाही. पोलिसांनी नदी धुंडाळली, पोलादाच्या कारखान्यामागची झुडपं तुडवली. नवरा अँड्र्यू उन्हाळाभर गाडी घेऊन रस्तोरस्ती फिरला आणि पुढे दारूने गेला. कारखाना बंद पडला, पाठोपाठ लिरिकही. व्हेराने मात्र घर सोडलं नाही. पोर आली तर दार कोण उघडणार?

बऱ्याच वर्षांनी गावकऱ्यांनी वर्गणी काढून लिरिक पुन्हा उभं करायला घेतलं. व्हेरा तेव्हा ऐंशीला टेकली होती. तळघर खणायला लागले तशी ती रोज समोरच्या फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसू लागली. कामावरचा मुकादम ल्यू गावातलाच. त्याने ओळखलं.

"मिसेस हुडाक, थंडी बाधेल. घरी जा. काही सापडलं तर मी स्वतः येईन सांगायला."

"'काही' नको म्हणूस रे," ती म्हणाली. "पॉला म्हण."

ल्यू मान खाली घालून आत गेला.

भिंती फोडल्या, पडद्यामागची माती उपसली, बुजवलेली कोळशाची खोली उघडली. मग एका संध्याकाळी ल्यू टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "सगळं खणून झालं. पॉला तिथे नाही."

व्हेराने त्याला कॉफी दिली. तो गेल्यावर तिने कप विसळून पालथा घातला. बरं वाटून घ्यावं की वाईट, तिला कळेना.

लिरिक उघडलं. रविवारी जुने सिनेमे लागू लागले, आणि एकदा त्या शनिवारच्याच सिनेमाचं नाव पाटीवर झळकलं. मुलगा डेनिसचा लगेच फोन आला.

"आई, तू जायचं नाहीस हं."

"ती काय बघत होती, एवढंच बघायचंय मला."

"इतकी वर्षं नाही बघितलंस ना?"

"मग काय मेल्यावर बघू?"

शेवटी डेनिसच घेऊन गेला. छताला नवा सोनेरी रंग, खुर्च्यांना लाल मखमल. सिनेमा दोन भुरट्या चोरांचा आणि त्यांच्या हट्टी खेचराचा. खेचराने फौजदाराची हॅट चावून खाल्ली तेव्हा सगळं थिएटर हसलं, आणि व्हेराही खळखळून हसली. मग एकदम तिने डेनिसची बाही घट्ट धरली.

"हे पाहिलं असेल का रे तिने? इथपर्यंत तरी?"

"पाहिलं असेल."

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत, आई."

दिवे लागले. लोक हसत, कोट चढवत निघाले. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत व्हेरा दाराकडे बघत राहिली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबांच्या थडग्यावरच्या दगडावर पॉलाचं नाव घालून घे."

डेनिसने किल्ली फिरवलीच नाही. "तारीख कुठली घालायची?"

"जन्माची घाल. दुसरी मला कुणी सांगितलीय?"